पंख्याने पळवलेला पाऊस

मित्रांनो, पावसाळ्यात वर्तमानपत्रात एक छोटी चौकट येते. कुठल्या गावात किती मिलिमीटर पाऊस पडला, त्याचे आकडे तिच्यात असतात. मोठी माणसं चहा पिताना ती वाचतात आणि हळहळतात, नाहीतर खूश होतात. तसला एखादा आकडा माझ्या पोटातून निघालेला असतो. मी एक जुना पर्जन्यमापक आहे. दिसायला काही विशेष नाही. जस्ताच्या पत्र्याचा उभा डबा, वर पितळी काठ, आत नरसाळं आणि नरसाळ्याखाली पाणी साठवणारी बाटली. आभाळाखाली तोंड उघडं ठेवून बसायचं, एवढंच माझं काम.

अशा गोष्टींत आम्ही वस्तू आपलं कौतुक सांगतो, तशी रीतच आहे. मला मात्र आज एक कबुली द्यायची आहे. मी फार मत्सरी आहे. एका पंख्याचा मी इतका मत्सर केला की एका घरावर वाईट वेळ आली, तेव्हा मला आतून बरं वाटलं.

माझा जन्म नाशिकला, सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझा काठ घासणारा कारागीर म्हणायचा, "याचं तोंड केसाएवढंही वाकडं नको. तोंड वाकडं असलं की हा खोटं बोलणार." तिथून मला रंगनाथ गुरुजींनी आणलं. ते नांदगाव तालुक्यातल्या वडदरा गावी शिक्षक होते. एसटीत त्यांनी मला वरच्या फळीवर टाकलं नाही, मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारलं, "गुरुजी, दुधाचा कॅन का?"

"दुधाचा नाही हो, आभाळाचा," गुरुजी म्हणाले. सगळी गाडी हसली.

ग्रामपंचायतीच्या अंगणात सिमेंटचा छोटा ओटा बांधून त्यात मला पक्कं बसवलं आणि भोवती तारेचं कुंपण केलं. कडुनिंबापासून गुरुजींनी मुद्दाम लांब ठेवलं. झाडावरून ठिबकलेलं पाणी पाऊस म्हणून मोजायचं नाही, असं ते म्हणायचे. रोज सकाळी बरोबर साडेआठ वाजता ते मला उघडत, बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतत आणि डोळा पाण्याच्या रेषेशी आणून आकडा वाचत.

पुढे गुरुजींची बदली झाली. जाण्याआधी त्यांनी हे काम कुसाबाईला शिकवलं. कुसाबाई पंचायतीत झाडलोट करायची. चौथीपर्यंतच शिकलेली, पण तिचा नेम पक्का. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय आणि मग मी. तोवर पोटात चहाचा घोटही नाही. कुणी हसलं तर म्हणायची, "आधी देव, मग डबा, मग भाकर." उन्हाळ्यात, आभाळ कोरडं ठाक असतानाही ती यायची, बाटली उलटी करून बघायची आणि वहीत शून्य लिहायची. "काकू, उन्हाळ्यात काय मोजता?" असं पोरं विचारत. ती हळूच म्हणायची, "शून्य पण मोजावं लागतं, बाळा. नाहीतर नंतर लोक म्हणतील, पडला असंल."

पावसाळ्यात माझा थाट बघायला हवा होता. कुसाबाई फाटकावरच्या फळ्यावर खडूने आकडा लिहायची आणि त्याच्यापुढे गर्दी व्हायची. "कुसा, किती गं?" "बत्तीस!" मग लोक माझ्याकडे असे बघत, जणू पाऊस मीच पाडला. त्या नजरेची मला चटक लागली. खरं सांगतो, सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच होतं.

मग एके वर्षी पंखा आला.

गावामागच्या डोंगराचा माथा सपाट आहे. तिथे वीज तयार करणारी पवनचक्की उभी करायची ठरली. तिचं एकेक पातं इतकं लांब की ते आणणारी गाडी वळवायला वेशीजवळचं बांधाचं कुंपण काढावं लागलं. शाळेला सुट्टी दिली. पात्यांना हळदकुंकू वाहिलं. पोरं पात्याशेजारी उभी राहून फोटो काढत होती. आणि नारळ! एकूण अकरा नारळ फुटले, मी मोजले. मोजणं हे माझं काम नसतं, तरीही मोजले असते. माझ्यापुढे इतक्या वर्षांत कुणी नारळाची शेंडीही ठेवली नव्हती.

गाव त्याला 'पंखा' म्हणू लागलं. मी जमिनीपासून फूटभर उंच, आणि तो आभाळाला टेकलेला. मी नुसता बसून, तो सारखा फिरता. पाहुणे आले की लोक म्हणत, "चला, पंखा दाखवतो." मला कुणी दाखवत नसे.

तेही मी सोसलं असतं. पण त्या पंख्याने माझी कुसाबाई नेली.

पंख्याची राखण करायला नांदगावचा मुबीन आला. त्याची बायको आबिदा आणि मुलगी इन्शा डोंगरावर, पंख्याच्या बुडाशी असलेल्या पत्र्याच्या खोलीत राहायला आल्या. इन्शाचं नाव गावच्या शाळेत तिसरीत घातलं. वर पाणी नव्हतं, म्हणून आबिदा रोज सकाळी पंचायतीच्या नळावर हंडा घेऊन यायची, नेमकी साडेआठला. कुसाबाईची आणि तिची तिथेच गट्टी जमली.

"मावशी, आज तुमचा सोमवार ना? खजूर आणलेत. चालतात ना उपासाला?"

"चालतात की. पण तुमचा उपास लय कडक बाई. पाणीसुद्धा नाय. आमचं बघ, साबुदाणा, शेंगदाणे, राजगिरा, बटाटा... उपासाच्या दिवशी मी दुप्पट जेवते."

दोघी तोंडाला पदर लावून हसत बसायच्या. मला उघडताना कुसाबाईचा डोळा पूर्वी पाण्याच्या रेषेवर खिळलेला असे. आता तिचा आकडा लिहून व्हायचा आणि मान डोंगराकडे वळायची. कधी ती चहाला वरही जायची. खाली येऊन म्हणायची, "वर काय वारं आहे! अंग कसं निवतं." माझ्याकडे कुठलं वारं? माझ्या पत्र्याने दुपारी हात भाजतो. मी मनातल्या मनात आबिदाच्या हंड्यालाही नावं ठेवू लागलो.

दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या गेल्या. ढग यायचे, डोंगरावरून सरकायचे आणि पलीकडे निघून जायचे. वळवाच्या पावसावर पेरलेला मका हातभर वाढून वाळू लागला. फळ्यावर रोज शून्य. फळ्यापुढची गर्दी आता चिडून बघायची.

योगेश नावाचा एक तरुण शेतकरी होता. मनाने वाईट नव्हता, पण त्याने चार एकर मका पेरला होता आणि भीतीने त्याची झोप उडाली होती. एका सकाळी तो पारावर म्हणाला, "आरं, वर बघा ना जरा. ढग आला की पातं त्याला खपाखप कापतंय. फाटक्या ढगातून पाऊस कसा पडंल?"

सगळ्यांनी वर बघितलं. आणि काय सांगू मित्रांनो, एकदा तसं बघितलं की तसंच दिसतं!

त्या दिवसापासून पंख्याच्या नावावर काय काय जमा झालं! कुणाची म्हैस आटली, पंख्यामुळे. मोबाइलला रेंज मिळेना, पंख्यामुळे. योगेशची सोयरीक मोडली, तर त्याची आई भागीबाई म्हणाली, "पोरगी बघायला आली, वर पंखा बघितला आणि तिला गरगरलं. कशी हो म्हणंल?" ज्याला जे दुखत होतं, ते त्याने डोंगरावर नेऊन टांगलं.

कुसाबाईच्या कपाटात माझ्या जुन्या वह्या होत्या. त्यांत पंखा येण्याआधीच्या कोरड्या वर्षांची शून्यं लिहिलेली होती. मला सगळं पाठ होतं. मला वाचा नाही, हे खरं. पण असती तरी मी गप्पच बसलो असतो. पंख्याला लोक शिव्या देत होते आणि माझ्या पत्र्याला आतून गारवा वाटत होता.

कंपनीचे साहेब आले. ते समजावू लागले, "ढग पंख्याच्या कितीतरी वर असतो हो. पंखा त्याला कसा कापेल?"

"साहेब, तुमच्या घरात मका नाय वाळत," योगेश म्हणाला. भांडण वाढायला नको म्हणून पंखा काही दिवस बंद ठेवायचं ठरलं.

तिसऱ्याच दिवशी पाऊस आला! बेचाळीस मिलिमीटर. कुसाबाईने फळ्यावर आकडा लिहिला आणि गावाने जल्लोष केला. योगेशने माझ्या गळ्यात, म्हणजे काठाखाली, झेंडूची माळ घातली. भागीबाईने कुंकू लावलं. आणि माझ्यापुढे नारळ फुटला. त्या क्षणी मी वर बघितलं. पंख्याची तिन्ही पाती निमूट उभी होती. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात गोड दिवस होता, आणि आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

कुसाबाई मात्र माळ काढून बाजूला ठेवत म्हणाली, "फुलाची पाकळी आत पडली तर माप चुकतं." तिने एकटीनेच आनंद केला नाही.

त्यानंतर पुन्हा शून्य. सहा दिवस, दहा दिवस, सोळा दिवस. पंखा बंदच होता. आता राग कुणावर काढायचा? बंद पंख्यावर किती ओरडणार? मग कुणीतरी म्हणालं, गाव झोपलं की मुबीन गुपचूप पंखा चालू करतो. कुणीही तसं पाहिलं नव्हतं, पण सगळ्यांना ते ठाऊक झालं. राग पात्यांवरून उतरला आणि खाली पत्र्याच्या खोलीत शिरला.

किराणा दुकानदार आबिदाला "साखर संपली" म्हणू लागला, आणि साखरेचं पोतं तिच्यासमोर असे. शाळेत इन्शाशेजारी कुणी बसेना. नळावर आबिदाचा हंडा रांगेतून मागे सरकवला जाई. तिची पाळी येईपर्यंत पाणी गेलेलं असे. रिकामा हंडा घेऊन ती डोंगर चढताना मी बघायचो. मला वाटायचं, बरं झालं. आता कुसाबाई पुन्हा माझी होईल.

शेवटी योगेश आणि चारजण वर गेले आणि मुबीनला सांगून आले, "सोमवारपर्यंत गाव सोडायचं."

मुबीन खाली येऊन कुसाबाईपाशी बसला. "मावशी, ही नोकरी गेली तर दुसरी कुठली? घर पण नोकरीचंच आहे. इन्शाला पुन्हा कुठल्या शाळेत घालू? मी त्या पंख्याचं बटणसुद्धा दाबू शकत नाही. चालू-बंद सगळं नाशिकच्या ऑफिसातून होतं. हे मी कुणाला सांगू?"

"मी सांगते," कुसाबाई म्हणाली. पण दुसऱ्याच दिवशी तिला ताप भरला.

सोमवार उजाडला. दहा-बारा माणसं मुदत बघायला अंगणात जमली. साडेआठ होत आले, कुसाबाई नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी घाबरलो. आणि फाटकातून आबिदा आली. काखेत रिकामा हंडा. ती निरोप घ्यायला कुसाबाईकडे गेली होती, हे मागाहून कळलं. तापातही म्हातारीने तिला म्हटलं होतं, "पोरी, जायचं ते जा, पण आधी एवढा माझा नेम सांभाळ. साडेआठ वाजले."

ती कुंपणात आली. हंडा खाली ठेवला. ओढणीने माझ्या काठावरची धूळ पुसली. बाटली काढली, उलटी केली, उजेडात धरून पुन्हा बघितली. कुसाबाई बघते, अगदी तशीच. मग फळ्यावर शून्य लिहिलं.

"ए बाई, डब्याला हात कशाला लावला?" योगेश ओरडला.

"मावशीला ताप आहे, दादा. त्यांनी सांगितलं म्हणून बघितलं. पाणी नाही."

"नाय म्हणजे? तूच ओतून दिलं असशील!"

"पडलंच नाही, तर ओतू काय?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. योगेशचा चेहरा लाल झाला. भागीबाई मध्ये पडली, "मी तर म्हणते मोजूच नये. मोजलं की उणं होतं. आमची सासू घरातली पोरंसुद्धा मोजू द्यायची नाय."

इतक्यात अंगावर घोंगडी घेतलेली कुसाबाई भिंतीच्या आधाराने आली. तिने कुणाशी वाद घातला नाही. कमरेची किल्ली काढली, कपाटातून जुनी वही आणली, ओट्यावर टेकली आणि वाचू लागली. तिचा आवाज एवढा हळू की ऐकायला सगळ्यांना जवळ यावं लागलं.

"शून्य. शून्य. शून्य. शून्य..."

"आता हे काय, काकू?" योगेश वैतागला.

"मोज तू. मी वाचते."

शून्यं संपेनात. शेवटी कुणीतरी म्हणालं, "चौतीस झाली."

"हे सात वर्षांपूर्वीचं," कुसाबाई म्हणाली. "तेव्हा पंखा होता का रे?"

"नव्हता."

"मुबीन होता?"

"नाय."

"मग पाऊस कुणी अडवला होता?" तिने वही मिटली. "मी अडवला होता. त्या वैशाखात आमचे मालक गेले. मग गाव म्हणालं, कुंकू पुसलेली बाई रोज आभाळाखालचा डबा उघडते, म्हणून पाऊस येत नाय. भागीवहिनी, नळावर माझा हंडा रांगेतून कोण मागं सारत होतं?"

भागीबाईने पदर तोंडात धरला.

मित्रांनो, मी हादरलो. त्या चौतीस दिवसांत कुसाबाई मागच्या बोळातून, डोक्यावरून पदर ओढून यायची. कुणी बघायच्या आत मला उघडून, शून्य लिहून निघून जायची. कधी हुंदका दाबायची. मी तिचा सोबती होतो आणि मी ते विसरून गेलो होतो. मला शून्यांची संख्या पाठ होती, पण ती शून्यं कुणी सोसली ते माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

योगेश खाली बघत होता. वाटलं, आता निवळेल. पण भीती अशी सहज जात नाही. तिला टेकायला काहीतरी लागतंच. तो एकदम गरजला, "मग या डब्याचंच काम! हाच पनवती!" आणि त्याने मला जोरात लाथ घातली.

माझा काठ आत दबला. बाटली फुटली. पण लाथेचा जोर संपला तो सिमेंटच्या ओट्यावर. "आई गं!" करून योगेश एका पायावर नाचू लागला. अंगठ्याचं नख निघालं होतं.

"योग्या, डब्यानं फिरून मारली रे तुला!" कुणीतरी म्हणालं आणि सगळं अंगण हसायला लागलं. योगेशलाही रडता-रडता हसू आलं.

आबिदा हसली नाही. ओढणीचं टोक फाडून तिने ती चिंधी कुसाबाईकडे दिली. आणि कुसाबाई अंगठा बांधत असताना भागीबाई उठली. कुणाकडे न बघता तिने आबिदाचा हंडा उचलला, रांगेतले सगळे हंडे ओलांडून नळाखाली ठेवला आणि तोटी सोडली. हंडा भरेपर्यंत ती तिथून हलली नाही. कुणी नको म्हणालं नाही.

तो सोमवार गेला, त्यानंतरचेही गेले. डोंगरावर कुणी गेलं नाही. पंखा पुन्हा फिरू लागला आणि बाराव्या दिवशी, तो फिरत असतानाच, अठरा मिलिमीटर पाऊस पडला. निम्मा मका वाचला. काही लोक अजून सांगतात, योगेशने लाथ घातली म्हणून आभाळ जागं झालं. त्यांना काय सांगावं?

फुटलेल्या बाटलीच्या जागी कुसाबाईने दुसरी ठेवली होती, पण माझं तोंड वाकडंच होतं. एका दुपारी मुबीन पंख्याची हत्यारं घेऊन खाली आला. कुंपणात मांडी घालून बसला. लाकडी हातोडीने, फडकं मध्ये धरून, तो माझा काठ हळूहळू बाहेर काढू लागला. एक ठोका दिला की बोट फिरवून बघायचा, मग पुढचा ठोका. ज्या हातांनी पंख्याची निगा राखली होती, ते हात माझ्या तोंडावर होते. "पूर्ण गोल नाही होणार, मावशी," तो कुसाबाईला म्हणाला, "पण जेवढं होईल तेवढं करतो." संध्याकाळपर्यंत तो करत राहिला.

माझा आकडा आता थोडा चुकतो. तालुक्याहून नवा, आपोआप मोजणारा पर्जन्यमापक येणार आहे म्हणे. त्याचाही मला मत्सर वाटेल बहुधा. स्वभाव एका दिवसात जात नाही.

मित्रांनो, तुमच्या गावात, शाळेत, घरात अशी एखादी मूक वस्तू असेल, तर तिला सांभाळा. तिच्याकडे रोज बघा, तिने सांगितलेलं नीट लिहून ठेवा. आणि कधी सगळ्या दुःखांमागे एकच चेहरा दिसू लागला, सगळे मिळून एकाकडेच बोट दाखवू लागले, तर बोट उचलण्याआधी जुनी वही उघडा. हेच दुःख आधी कुणाच्या माथी मारलं होतं, ते शोधा.

त्या दुपारी मुबीन ठोका देता देता माझ्याशी बोलत होता. "दुखतंय का रे?" असंही त्याने एकदा विचारलं. त्याच्या बायकोचा हंडा रिकामा परत जाताना मला बरं वाटलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला बोलता येत नाही. येत असतं, तर त्याची माफी मागितली असती.